हॉब्डेची तुकडी घरी निघाली

मुलांचं एखादं साप्ताहिक मरायला टेकलं की त्याच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापतात: 'आनंदाची बातमी! आत वाचा!' आमच्या धंद्यातला हा रिवाजच आहे. आत बातमी अशी असते की पुढच्या आठवड्यापासून तुमचं लाडकं साप्ताहिक अमुक एका साप्ताहिकात सामील होतंय, म्हणजे एका अंकाच्या पैशात दोन अंकांची मजा. मग काही आठवडे दोन्ही नावं शेजारी शेजारी मिरवतात. दुसरं नाव हळूहळू बारीक होत जातं आणि एके दिवशी ते नसतंच. कुणी विचारतसुद्धा नाही.

चौऱ्याऐंशी साली 'टिन हॅट'ची आनंदाची बातमी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ब्रेंडा एन्टविसल, 'टिन हॅट' या युद्धाच्या चित्रकथांच्या साप्ताहिकाची उपसंपादक. आधी याच कंपनीच्या मुलींच्या साप्ताहिकात होते. तिथे नाचणाऱ्या अनाथ मुलींच्या गोष्टी लिहायचे. ते बुडलं तेव्हा मला उचलून इकडे टाकलं. इथे आल्यावर वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचं कामही माझ्याकडे आलं, आणि ती उत्तरं द्यायची सार्जंट ग्रिम्शॉ या नावाने. एका डोळ्यावर पट्टी, तोंडात चिरूट, असा त्याचा फोटोसारखा मुखडा पानाच्या डोक्यावर असायचा. 'अरे टोणग्या, तुझं अक्षर आहे की कोंबडी नाचली आहे?' असं मी लिहायचे आणि पोरं खूश व्हायची. मँचेस्टरमधल्या एका ऑफिसात, पायाखाली विजेची शेगडी ठेवून, विणलेला स्वेटर घातलेली एक विधवा बाई त्यांना शिव्या देतेय हे कुणाला माहीत नव्हतं. ऑफिसात मात्र झाडून सगळे मला सार्जंटच म्हणायचे.

पण पोरं तरी कुठे उरली होती? मी आले तेव्हा पत्रांचं पोतं यायचं. आता यायची ती पत्रं चाळिशीच्या बाप्यांची. 'महोदय, मागील अंकातील जर्मन रणगाड्याची नळी त्या सालाच्या मानाने लांब दाखविली आहे.' एक जण तर दर आठवड्याला कोटाची बटणं मोजायचा. असल्या माणसांना मी सार्जंटच्या तोंडून काय शिव्या देणार! आमच्या वरच्यांनी एका शाळेत जाऊन पोरांना विचारलं, की बाबांनो, 'टिन हॅट' का नाही घेत? एक पोरगा म्हणाला, "ते आजोबांचं असतं ना?" या एका वाक्यावर वरच्यांच्या सहा बैठका झाल्या. मग अंकासोबत प्लॅस्टिकची शिट्टी दिली. मग फुटबॉलचं एक पान घातलं. मग 'शत्रूंना जास्त ओरडायला लावा' असा हुकूम आला. पालथ्या घड्यावर पाणी. पोरं नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर अंतराळातली यानं फोडत बसली होती, आणि आमचे जर्मन अजून 'आऽऽर्घ' करून मरत होते.

मिस्टर पिलिंग आमचे व्यवस्थापकीय संपादक. सुकामेव्याच्या जाहिराती विकता विकता इथवर पोचलेले. त्यांनी मला बोलावलं.

"ब्रेंडा, बस. 'टिन हॅट' आपण 'नेब्युला'त घालतोय. दोन अंक अजून, की झालं."

"'नेब्युला'? त्यात सरडे आहेत."

"सरड्यांसारखे परग्रहवासी," पिलिंग म्हणाले. "खप बघ त्याचा. आपलं बाकी सगळं बंद, फक्त 'हॉब्डेची तुकडी' ही चित्रकथा तेवढी पुढे न्यायची. जुना वाचक तिच्यामागून येईल."

"न्यायची म्हणजे कुठे न्यायची? एल्ब नदीवर उभी आहे ती. एप्रिल पंचेचाळीस चालू आहे आमच्याकडे. आठ-दहा दिवसांत युद्ध संपतंय."

"तेच तर! संपू द्यायचंच नाही. वरून यान येतं, लख्ख उजेड पडतो, तुकडी उचलली जाते. पुढच्या आठवड्यात सरड्यांशी लढाई."

मला वाटलं थट्टा करतायत. पण पिलिंगना थट्टा येत नव्हती, ती कधीच आली नाही.

"आणि सिरिल?" मी आमच्या चित्रकाराबद्दल विचारलं.

"त्याला अंतराळ काढता येत नाही. 'नेब्युला'कडे त्यांची माणसं आहेत. तू सांग त्याला, तुझं ऐकतो तो."

म्हणजे शेपूट सापाचं आणि हात माझा. मी दार आपटून बाहेर आले. ते दार आपटत नाही, त्याला वर ती हवेची नळी असते. हळूच, सुस्कारा टाकत बंद होतं. त्याचाही मला राग आला.

सिरिल बॅमफोर्थ 'हॉब्डेची तुकडी' लिहायचे आणि काढायचेही. दर गुरुवारी ओल्डमहून बसने यायचे, काखेत तपकिरी कागदात गुंडाळलेली पानं. बाकीच्या चित्रकथांमध्ये युद्ध कधी पुढे सरकत नसे. शिपाई वर्षानुवर्षं त्याच खंदकात, त्याच दाढीनिशी. सिरिलनी मात्र डंकर्कपासून सुरुवात केली होती आणि एकेक आठवड्याने त्यांची तुकडी वाळवंट, इटली, नॉर्मंडी असं करत पुढे आणली होती. त्यात माणसं थकायची, टक्कल पडायचं, दात दुखायचे. आणि आमच्या धंद्याचा दुसरा रिवाज, की तुकडीतल्या भित्र्याने शेवटी शूरपणे मरायचं, तो त्यांनी कधीच पाळला नाही. त्यांच्या तुकडीत कुणी मरतच नसे. यावरूनही बटणवाल्याची पत्रं यायची.

त्या गुरुवारी मी त्यांना ऑफिसात काही सांगितलं नाही. कोपऱ्यावरच्या पबमध्ये घेऊन गेले, त्यांच्यासमोर मीट-पाय, म्हणजे मांस भरलेलं पापुद्र्याचं पक्वान्न, आणि बिअर ठेवली आणि मग सांगितलं. यान, उजेड, सरडे, सगळं.

सिरिलनी मीट-पायचं वरचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि आतल्या वाफेकडे बघत बसले.

"काहीतरी बोला," मी म्हणाले. "शिव्या तरी द्या. मी दिल्या."

"नोक्स माहितीय ना तुला? आपल्या तुकडीतला, मोठ्या कानांचा?"

"मीच त्याच्या कानांवर विनोद टाकते दर आठवड्याला. न माहीत असायला काय झालं?"

"तो आल्फ पीट आहे. आमच्या गल्लीतला. शाळेत माझ्या बाकावर बसायचा." त्यांनी बिअरचा घोट घेतला. "हॉब्डे म्हणजे आमचा कॉर्पोरल, लेन विग. तो ठेंगू स्वयंपाकी, तो बर्ट. सगळे आमचेच, पोरी. दहा जण होतो. मी आणि गॉर्डन, आम्ही दोघं आलो परत. गॉर्डनही गेला गेल्या नाताळात."

मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम करत होते. प्रत्येक गुरुवारी त्या चेहऱ्यांना बोलण्याचे फुगे चिकटवत होते, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

"घरी आल्यावर आल्फच्या आईला भेटायला गेलो. तार पोचली होती तिला केव्हाच. तरी दारात मला बघितलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागली." सिरिलनी बशी बाजूला सरकवली. "मला काय करायचं होतं, सांगू? काही नाही. पोरांना फक्त घरी आणून सोडायचं होतं. त्यासाठीच एवढी वर्षं चालत आणलं त्यांना."

"आधीच का नाही आणलंत?" मी जवळजवळ ओरडले. "इतका वेळ काय करत होतात?"

"घाई करून कसं चालेल? सगळ्यांना धडधाकट आणायचं होतं." मग म्हणाले, "दोन पानं दे मला, ब्रेंडा. दोनच. बस्स."

मी पिलिंगकडे परत गेले. गोडीने बोलले, मग भांडले. ते म्हणाले, "घरी गेलेले शिपाई विकत कोण घेणार? शेवटचा अंक शेवटचा आहे असं वाचकाला वाटता कामा नये, हा साधा नियम तुला ठाऊक नाही?" मी म्हणाले, वाचकाला सगळं कळतं, फक्त तुम्हाला कळत नाही. ते म्हणाले, तुझा स्वर सार्जंटसारखा लागतोय. विषय संपला.

मग मी सिरिलना फोन केला आणि सांगितलं, काढा. यानाची पानं 'नेब्युला'च्या माणसाने काढून पाठवली, पिलिंगनी त्यांवर सही केली, आणि ती मी माझ्या कपाटात फाइलींच्या मागे कोंबली. छापखान्याची गाडी निघायच्या जरा आधी सिरिलची पानं आली. ओला तपकिरी कागद मीच सोडला.

त्या दोन पानांत एक गोळी नव्हती. एका स्टेशनवर गाडी थांबते. सरकारने दिलेले बेंगरूळ सूट घातलेली माणसं उतरतात, प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं. कुणी भाषण करत नाही. सिगारेटी वाटतात, 'बरंय मग' म्हणतात आणि एकेक करून आपापल्या रस्त्याला लागतात. मग प्रत्येकाला एक चौकट. बर्टला त्याची बहीण रस्त्यातच मिठी मारते. हॉब्डे स्वतःच्या दारापाशी उभा, हात वर केलेला, पण अजून कडी वाजवलेली नाही. आणि शेवटची मोठी चौकट नोक्सची. त्याची आई दारात आहे आणि तिने त्याचे दोन्ही मोठे कान हातांत धरलेत. ती त्याच्या तोंडाकडे बघतेय. मागे बघत नाहीये.

फुगे चिकटवायला जागा होती, पण मी एकही चिकटवला नाही. संडासात जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पानं गाडीत घातली.

अंक बाजारात यायच्या दिवशी मी टेबलाचे खण रिकामे केले. शेगडी, चहाचा मग, फिकट पडलेला माझ्या नवऱ्याचा फोटो, सगळं बाजाराच्या पिशवीत भरून तयार बसले. नोकरीवरून काढतील, तेव्हा काय काय बोलायचं हे मी पाठ केलं होतं. माझं भाषण चांगलं जमलं होतं. पिलिंग दुपारी टेबलाशी आले, अंक हातात गुंडाळलेला.

"छान झाला अंक, ब्रेंडा. मुखपृष्ठावरचं पिवळं उठून दिसतंय."

आणि गेले. म्हणजे त्यांनी वाचलाच नव्हता. मी पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसले. ज्यांच्याविरुद्ध बंड केलं त्यांना बंड झाल्याचा पत्ताच नाही! अहो, त्यापेक्षा लाथ घालून हाकललं असतं तर सुखाने गेले असते.

म्हटलं, ठीक आहे, वाचक तरी लिहितील. रोज सकाळी टपालाच्या टोपलीवर मीच आधी झडप घालायचे. एका बाईने शिट्टी फुटकी निघाली म्हणून दुसरी मागितली. बटणवाल्याने लिहिलं, की स्टेशनबाहेर दाखवलेली बस त्या साली त्या भागात धावत नव्हती. बस्स. घरी आलेल्या दहा माणसांबद्दल साऱ्या इंग्लंडातून एक ओळ आली नाही. एका पोराने तीन शब्द खरडले असते, 'शेवट बरा होता' किंवा 'शेवट भिकार होता', तरी मी ते पत्र चौकटीत लावून सिरिलना दिलं असतं. पण पोरं तिथे नव्हतीच. आम्ही रिकाम्या वर्गाला धडा शिकवत होतो.

सिरिलना मी फोनवर खोटं सांगितलं, "खूप पत्रं आलीयत."

"हो का?" ते म्हणाले. "आल्फचे कान नीट छापलेत. बघितले मी." आवाजात समाधान होतं. मग म्हणाले, "ती पानं मिळतील का गं मला? मूळची? एरवी मागत नाही मी."

मूळ पानं कंपनीची मालमत्ता. चित्रकाराला एक चिटोरा परत मिळत नसे. ती वर्षानुवर्षं तळमजल्यावरच्या आर्ट रूममध्ये फळ्यांवर पडून राहायची, गळक्या पाइपाखाली पाणी टिपायला घातली जायची, आणि जागा कमी पडली की भंगारात जायची. "आणते," मी म्हणाले. "चोरून आणते, पण आणते."

त्याच आठवड्यात 'नेब्युला आणि टिन हॅट' आला. आमचं नाव पहिल्याच अंकात नखाएवढं. मधल्या पानांवर हॉब्डेची तुकडी काचेची गोल शिरस्त्राणं घालून सरड्यांवर किरण सोडत होती. आठवड्यापूर्वी ही माणसं घरी पोचली होती, हे 'नेब्युला'त कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याबद्दलही पुढे कुणी विचारलं नाही. शरीरं, हात, बंदुका सगळं भलत्या हाताचं, रबरासारखं. पण चेहरे? चेहरे मात्र हुबेहूब. नोक्सचे कान, बर्टची नाकाची गाठ. मला वाटलं, चला, सिरिलची निदान नक्कल तरी कुणाला जमली. अंक टाकून मी खाली आर्ट रूममध्ये गेले.

गॅरी स्टॉट तिथे कापाकापी आणि चिकटवाचिकटवी करायचा. चांगला पोरगा, आईला दर रविवारी चर्चमध्ये नेणारा.

"सार्जंट! या. चहा टाकू?"

"नको. सिरिलची शेवटची दोन पानं कुठायत?"

"ती होय? फळीवर, अगदी वरच. पण आता तुम्हाला काय कामाची?"

मी पानं खाली काढली. स्टेशन होतं. पुठ्ठ्याची खोकी होती. बहिणीच्या मिठीत बर्टचा सूट होता आणि सुटाच्या वर एक अंड्याएवढं भोक होतं. हॉब्डे दारापाशी, हात वर, मानेच्या वर भोक. शेवटच्या चौकटीत नोक्सच्या आईचे दोन हात एका भोकाच्या दोन बाजूंना होते. कानसुद्धा कापून नेले होते. कडा अगदी स्वच्छ. गॅरीचा हात फार सफाईदार.

"हे काय केलंस?"

"पिलिंगसाहेब म्हणाले, चेहरे अस्सल हवेत. म्हणजे जुने वाचक ओळखतील." गॅरी गोंधळला. "त्या नव्या माणसाला चेहरे जमेनात. आणि फोटोप्रत काढायला वरून सही लागते. ही पानं छापून झाली होती, सार्जंट. समोरून काढलेले, मोठे, स्वच्छ चेहरे दुसरीकडे कुठेच नव्हते. बाकी सगळीकडे चिखल नाहीतर शिरस्त्राण. मी काही चुकलो का?"

काय सांगणार त्याला? धंद्यात असंच करतात. मीही केलं होतं, आधीच्या साप्ताहिकात, नाचणाऱ्या मुलींचे पाय कापून. मी पानं स्वेटरखाली घातली आणि कोणाला न विचारता बाहेर पडले.

ओल्डमच्या बसमध्ये ठरवलं, की सांगायचं, पानं हरवली. भंगारात गेली. काहीही सांगायचं. मग वाटलं, पत्रांचं एक खोटं झालंय तेवढं पुरे. सगळेच त्यांच्याशी खोटं बोलले, तर त्या माणसाने कुणाकडे बघायचं? आणि खरं सांगू का, मला एकटीला तो राग पेलवत नव्हता. कुणीतरी माझ्याबरोबर ओरडायला हवं होतं.

सिरिलनी दार उघडलं. टेबल पुसून ठेवलं होतं. भिंतीवर चौकटीसाठी दोन खिळे ठोकून तयार होते. मी पानं त्यांच्यापुढे ठेवली आणि शेजारी 'नेब्युला' उघडून ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. आधी पानं बघितली, मग अंक, मग पुन्हा पानं. आल्फच्या चौकटीतल्या भोकावरून अंगठा फिरवला. मी वाट बघत होते, की आता हा माणूस टेबल उलथवेल, कप फोडेल, निदान एक सणसणीत शिवी देईल, की मला सुरुवात करता येईल. सिरिल खुर्चीत बसले.

"परत बोलावलं म्हणायचं पोरांना," ते म्हणाले. आणि मग, अगदी साध्या आवाजात, "कुणाशी लढायला?"

"सरड्यांशी," मी म्हणाले.